गमतीचे लिहू नकोस

नंदुरबार, ता. ४ जून १९३८

सौ. कौसाबाई हिस धनकंवरचा जय जिनेंद्र.

तुमच्या गावच्या गिरधरभाऊंच्या गाडीतून पाठवलेले गाठोडे काल दुपारी दुकानावर पोचले. त्यात मिळाले ते असे: जुनी लुगडी तीन, गावरान तुपाची बरणी एक (झाकणातून थोडी पाझरली होती, बाकी शाबूत), डिंकाचे लाडू, उडदाची डाळ, बाळाचे अंगडे-टोपडे. हमालाला दीड आणा पडला, तो मी हातखर्चातून दिला. टोपडे बाळाला घट्ट होते. तुझा अंदाज नेहमीच कमी, शाळेत कापड बेततानाही तसाच होता.

बाळाचे नाव अमरचंद ठेवले. सासूबाईंना पहिल्याच खेपेला नातू मिळाला म्हणून त्यांचे पाय जमिनीवर नाहीत. अनोखीबाईंचा नातू म्हणून गल्लीतल्या बायका त्याला बघून जातात. रात्री तो त्यांच्याजवळच निजतो. मी मागच्या खोलीत निजते, जिथे दुकानातली उरलेली मिरची पोत्यांनी रचलेली असते. तिथे बाळाला नेता येत नाही, ठसका लागतो. तू विचारशील की मग तू तिथे का निजतेस. उन्हाळ्यात गार असते.

बाळंतपण जड गेले हे तुला गिरधरभाऊंकडून कळलेच असेल. तीन दिवस लागले. आता बरे आहे.

आणखी एक काम. जुनी लुगडी असतील तितकी पाठव. विटकी, फाटकी, कशीही चालतील, फक्त मऊ असावीत. गोधड्या शिवायच्या आहेत. लाडू मात्र पुन्हा पाठवू नकोस. मी सध्या एकवेळच जेवते. तुझे लाडू शेजारी वाटले, सगळ्यांना आवडले.

हे सगळे कार्डावर मावले असते, पण दुकानातला मुनीम आधी कार्ड वाचतो आणि मग देतो, म्हणून आणा खर्चून पाकीट केले. तूही पाकीटच कर.

तुझी
धनकंवर


ब्राह्मणपुरी, ता. २१ जून १९३८

धनू,

तुझे पत्र मिळाले. तू मॅट्रिक झालीस म्हणून तुझे अक्षर मोत्यासारखे, माझे कोंबडीच्या पायासारखे. सांभाळून घे.

लुगडी आणखी पाच पाठवतेय. सासूबाई म्हणाल्या, "कितल्या गोधड्या शिवी ऱ्हायनी ती वाण्यानी सून? नंदुरबारथून सुरतलोंग आथरी टाकाव शे का?" मी म्हटले, पोर एक आणि गोधड्या सतरा, मारवाड्यांच्या घरी पोर जमिनीला टेकवत नसतील.

आता आमच्याकडची गंमत ऐक. परवा आमचे हे नदीवर आंघोळीला गेले. धोतर काठावरच्या झुडपावर टाकले आणि पाण्यात उतरले. आमची म्हैस त्या झुडपाला शिंगे घासत होती, ती धोतर शिंगात घेऊन निघाली ती थेट गावात. ह्यांना पाण्यातून निघता येईना. शेवटी कुणाच्या तरी तुरीच्या काड्यांचा भारा कमरेशी धरून घरी आले. सासूबाई ओट्यावरच बसलेल्या. त्या म्हणतात, "भारा उतारी ठेव ना भाऊ, दमी गया व्हशी." हे म्हणतात, "नही माय, ऱ्हाऊ दे, आठेच बरा शे." मी चुलीपुढे हसून हसून आडवी झाले.

बाकी घरात एकच कटकट. माझी नणंद दिवलीबाई सासरहून आली आहे ती जायचे नाव काढत नाही. तिचे मूल गेल्या वर्षी जन्मतःच गेले, त्याचे वाईट वाटते, पण म्हणून गोठ्यात जाऊन राहायचे का? पंगतीला येत नाही, कुणाच्या बाजेवर बसत नाही, दिवसातून दोनदा नदीवर धुणे घेऊन जाते, आणि तरी तिच्या अंगाला वास येतो. मी परवा म्हटले, "दिवलीबाई, म्हैस नदीवर जाईसन तरी साफ व्हई येस." सगळ्या हसल्या. ती उठून गेली. आळशीपणाला औषध नाही.

तू एकवेळ जेवून वाळू नकोस. पाजणाऱ्या बाईला असले सोंग परवडत नाही.

तुझी कौसा


नंदुरबार, ता. १६ जुलै १९३८

सौ. कौसाबाई हिस जय जिनेंद्र.

लुगडी पाच पोचली. हमाली नाही, गिरधरभाऊंनीच आत आणून दिली. त्यांना चहा दिला.

पत्राला उशीर झाला. चातुर्मास बसला. आमच्या स्थानकात, म्हणजे धर्मस्थानात, तीन महासतीजी, म्हणजे साध्वी, आल्या आहेत. रोज सकाळी व्याख्यान असते. मी आषाढात तेला केला, म्हणजे तीन दिवस सलग उपास, उकळलेल्या पाण्यावर. पाणीही मी जवळजवळ घेतले नाही. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितले. येणारी प्रत्येक बाई विचारते, "साता है नी, बिनणी?" म्हणजे सूनबाई, सुखरूप आहेस ना. त्यावर "साता है" असे म्हणायचे असते. मी म्हणते.

तुझ्या नणंदेबद्दल तू लिहिलेस ते मी दोनदा वाचले. तिला सगळ्यांसमोर बोलू नये असे मला वाटते. एकटी असताना विचारून बघ, काय होते ते.

आणि एक विनंती. तू गमतीचे लिहू नकोस. राग मानू नकोस, पण खरेच लिहू नकोस.

धनकंवर


ब्राह्मणपुरी, ता. २ ऑगस्ट १९३८

सौ. धनकंवरबाई यांस कौसाबाईचा रामराम.

आपले पत्र मिळाले. यापुढे गमतीचे लिहिणार नाही. आपण तपस्वी झालात, आम्ही शेणामातीत राहिलो.

तापीला पूर आहे. प्रकाशा गावाजवळची नाव आठ दिवस बंद होती, म्हणून टपालाला उशीर.

दिवलीबाईला एकटीला विचारले. तिने तोंड फिरवले आणि म्हणाली, "तुले हासाले आखो काय पायजे?" आता तिच्या सासरचा निरोप आला आहे की ते दुसरी बायको करणार. सासूबाई तिला शिव्या देतात आणि स्वतःच रडतात.

लुगडी उरली नाहीत.

कौसाबाई


नंदुरबार, ता. १२ सप्टेंबर १९३८

कौसा,

तू मला "आपण" लिहिलेस. ते कार्ड मी फाडले नाही, मिरचीच्या पोत्याखाली ठेवले आहे.

आज मी तुला खरे लिहिणार आहे. हे पाकीट एकटीने फोड. गिरधरभाऊंनाही दाखवू नकोस.

तुझी नणंद आळशी नाही. मला जे झाले आहे तेच तिला झाले असणार. अमरच्या वेळी तिसऱ्या दिवशी सुईणीने हात घालून ओढले, तेव्हा मी आतून फाटले. कुणी शिवले नाही. शिवतात हेच आमच्या घरी कुणाला माहीत नव्हते. जखम चिघळली, ताप आला, उतरला. सगळे म्हणाले वाचली. तेव्हापासून मला लघवी धरवत नाही. उठले, वाकले, शिंकले, खोकले की वाहते. आणि शौचाचाही ताबा नाही. कळतच नाही, कळते तेव्हा झालेले असते. सुईण म्हणाली, सव्वा महिन्यात आवळून येईल. धुरी घेतली, बाळंतकाढा घेतला. सहा महिने होत आले. तुझी लुगडी गोधड्यांना लागली नाहीत. ती मी पट्ट्या करून बांधते, धुते आणि मिरचीच्या पोत्यांमागे वाळत घालते, कारण तिथे कुणी येत नाही आणि मिरचीपुढे दुसरा वास टिकत नाही. पण मिरचीने शिंका येतात. मग पुन्हा धुणे.

तुझे म्हशीचे पत्र मी ओसरीवर धान्य निवडताना वाचले. चार बायका बसल्या होत्या. "आठेच बरा शे" इथे मला हसू आले. ते आवरले नाही, आणि दुसरेही आवरले नाही. मी सूप हातातून पाडले, गहू सांडले, त्यांवरच बसून राहिले. सगळ्या गेल्यावर उठले. ते गहू गुपचूप गायीला घातले. म्हणून गमतीचे लिहू नकोस म्हटले. तू मला हसवतेस एवढाच तुझा गुन्हा. आणि दिवलीबाईचे वाचल्यावर तुला सांगायची माझी हिंमत राहिली नाही.

आता उपासाचे. ज्येष्ठात एक दिवस बाळाला ताप होता, धावपळीत मी काही खाल्ले-प्यायले नाही. संध्याकाळपर्यंत मी कोरडी राहिले. माझ्या लक्षात आले की आत काही नसेल तर बाहेर काही येत नाही. दुसऱ्या दिवशी मी उपासाचे पच्चक्खाण घेतले, म्हणजे देवा-गुरूंपुढे संकल्प केला, आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा स्थानकात जाऊन सामायिक केली, म्हणजे ध्यानाला बसले. दोन घटका आसनावर कोरडी बसले. मला रडू फुटले. बायकांना वाटले, भाव दाटून आले. असल्या अपवित्र अंगाने सूत्रपाठाजवळ बसले तर केवढी आशातना, केवढा अवमान, हे लहानपणापासून मनावर बिंबलेले. म्हणून मला देवाजवळ जायचे तर उपाशी जायला लागते. त्याला लोक तप म्हणतात.

तेला झाला, मग पर्युषणात अठाई झाली. आठ दिवस उपास. चांदीच्या पाटावर बसवले, गाणी म्हटली, पारण्याच्या दिवशी पन्नास जणींनी चमचा चमचा मुगाचे पाणी तोंडात घातले. नको म्हणता येत नाही, ते प्रेम असते. संध्याकाळी पोत्यांमागे काय झाले ते लिहीत नाही. माझे दूध आटत चालले आहे. अमरला गायीचे दूध पाजतात. तो आता माझ्याकडे यायला रडतो, कारण माझ्या पदराला मिरची असते.

हे सगळे मी सोसले असते. पण आता एक झाले आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

संवत्सरीच्या दिवशी आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. प्रतिक्रमणाचा पाठ झाल्यावर हे मिरचीच्या खोलीच्या दाराशी आले. तुला माहीत आहे, आमचे हे फार कमी बोलतात. नाव सुमेरमल, आवाज सुईसारखा बारीक. हात जोडून म्हणाले, "मी तुमच्या मार्गात आडवा आलो असेन तर क्षमा करा." मला वाटले हीच वेळ आहे. मी म्हटले, "मार्ग कसला? ऐका तर." ते म्हणाले, "मला कळतं. सहा महिने तुम्ही जमिनीवर निजता, या ठसक्यात निजता, माझ्या खोलीत येत नाही. आधी मला राग आला. मग व्याख्यान ऐकून समजलं. तुम्हाला संसार नकोसा झालाय, आणि तुम्ही मला तोंडानं सांगत नाही, मला वाईट वाटेल म्हणून."

मी म्हटले, "तसं नाही हो." ते म्हणाले, "तुम्ही एकट्या कशाला? मीही घेतो. दोघं मिळून चौथं व्रत घेऊ."

चौथे व्रत म्हणजे ब्रह्मचर्य, कौसा. जन्मभर. साठीतली जोडपी घेतात. आम्ही घेतले तर आमच्या समाजात नंदुरबारात असे कधी झाले नाही, असे सगळे म्हणतील. मी एकवीस वर्षांची आहे, ते सत्तावीस. ते हे माझ्या प्रेमाने करतात. मला तोंड उघडता येईना, तोवर मागून सासूबाई आल्या, त्यांनी ऐकले आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागल्या.

आश्विनी पौर्णिमेला महासतीजींपुढे घ्यायचे ठरले आहे. जळगावचे, धुळ्याचे पाहुणे येणार. पत्रिका छापायला गेल्या.

सांगावे तर कुठल्या शब्दांत? मला त्याचे शब्द येत नाहीत. मराठीत परीक्षा दिली, पण हे कुठल्या धड्यात नव्हते. न सांगावे तर गुरूंपुढे खोटे. तू ये. तू आलीस तर तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर घालीन. नाही तर काय करू ते लिही.

धनू


ब्राह्मणपुरी, ता. २९ सप्टेंबर १९३८

धनू, माझी बाई,

तुझे पत्र गोठ्यात बसून वाचले. पहिल्यांदा वाचले आणि दिवलीबाईच्या पायाशी जाऊन बसले. तिचा पाय धरला. ती म्हणाली, "कोन मरी गयं?" मी म्हटले, "कोनी नही. माले सांग, तुले व्हस ते." तिने गुडघ्यात डोके घातले आणि मग सांगितले. तुझेच सगळे. अक्षर न अक्षर. तिचे पोर पोटातच अडकून गेले होते, तुझे जिवंत आहे, एवढाच फरक. तिच्या नवऱ्याने तिला पहिल्या महिन्यात ओट्यावर झोपवले आणि दुसऱ्या महिन्यात माहेरी सोडले. तिने आईलाही सांगितले नाही. आईसमोर मी तिला म्हैस म्हटले होते ना.

ते जाऊ दे, माझ्या तोंडाचे मी बघेन.

मी ह्यांना सांगितले. तुझे नाही, दिवलीचे सांगितले. मला वाटले ओरडतील. ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "धुळ्याले बाई डाक्टर शे. तठे लई जाऊत." शहाद्याच्या एका पाटलाच्या सुनेला तिथे शिवले आहे म्हणतात. हो, शिवतात, धनू. सहा महिन्यांनी, वर्षांनीही शिवतात. सगळ्यांचे नीट होते की नाही ते मला ठाऊक नाही, खोटे कशाला सांगू.

पुढच्या सोमवारी आम्ही तिला गाडीतून नेतो. म्हणून मला तुझ्याकडे येता येत नाही. मी नाही गेले तर ती जायची नाही, ती म्हणते तू हात धरशील तरच त्या बाईपुढे निजेन. तू म्हणशील मैत्रीण मोठी की नणंद. काय सांगू? तुझे तोंड तुझ्याजवळ आहे, तिचे मी बंद केले होते.

आता नीट ऐक. मला सांगितलेस ते त्यांना सांग. शब्द नाहीत म्हणतेस, मग शब्द कशाला लागतात? त्यांना त्या खोलीत ने, पोत्यांमागे माझी लुगडी वाळत आहेत ती दाखव. जो माणूस बायकोसाठी जन्माचे व्रत घ्यायला निघतो तो चार फडकी बघून पळायचा नाही. आणि पळाला तर आधी पळू दे, व्रतानंतर नको.

आणि खा. निदान पेज पी.

नाव चालू आहे, पत्र लवकर पोचेल.

तुझी कौसा


नंदुरबार, ता. १५ ऑक्टोबर १९३८

कौसा,

तुझे पत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पोचले. त्यावर शहाद्याचा शिक्का आठ दिवस आधीचा होता. मुनीमजी पाहुण्यांच्या गडबडीत होते, टपाल गल्ल्याखाली राहिले होते.

घरात चाळीस माणसे उतरलेली. मिरचीच्या खोलीत जायला वाट नव्हती, ओसरीभर अंथरुणे. लुगडी मी एका पोत्यात कोंबून ठेवली होती. हे बैठकीत पुरुषांत होते. मी अमरला एका पोरीच्या कडेवर देऊन निरोप पाठवला, "आई बोलावते." ते आले, दारात उभे राहिले, त्यांच्यामागे त्यांचे मामा. मामा म्हणाले, "बोला बिनणी, लाजू नका, तुम्ही आता आमच्या पूज्य." मी म्हटले, "बाळाला ताप आहे का बघा जरा." त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नाही." गेले.

सकाळी स्थानकात गेलो. मी दोन दिवस निर्जळी होते. महासतीजींनी विचारले, "दोघांचेही भाव आहेत ना?" ह्यांनी हात जोडले. मी उभी राहिले. मी म्हटले, "महाराज, माझी योग्यता नाही." मी आणखी म्हटले, "मी शुद्ध नाही. मला थोडं थांबू द्या."

कौसा, सगळीकडून "धन्य, धन्य" असा आवाज उठला. मागून कुणी तरी रडत म्हणाली, "बघा केवढी नम्रता, एवढी तपस्या करून म्हणते शुद्ध नाही." महासतीजींच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "जो स्वतःला असं समजतो तोच योग्य असतो." सासूबाईंनी मागून माझे दोन्ही हात धरून जोडले. पाठ झाला. मी काही म्हटले नाही. माझ्या वाटचे "हो" बायकांनी म्हटले.

मी खरे बोलले होते, हे आता मलाच सिद्ध करता येणार नाही.

चौथ्या दिवशी पाहुणे गेले. मी ह्यांना म्हटले, "मिरचीच्या खोलीत या." ते आले. मी घाईत त्यांच्या बाहीला धरले, तर त्यांनी हात मागे घेतला, ओरडून नव्हे, हळूच. आता तसेच राहायचे. मी पोते ओतले. तुझी लुगडी. हिरव्या काठाचे, जांभळ्या काठाचे, ते एक ठिगळाचे. धुऊन धुऊनही डाग गेले नाहीत.

ते म्हणाले, "हे बाळाचं?"

मी म्हटले, "माझं."

मग सांगितले. तू म्हणालीस तसेच झाले, एकदा दाखवल्यावर शब्द आले. उपास का केले ते सांगितले. इथे का निजते ते सांगितले. ते पोत्यावर बसले. त्यांना शिंका आल्या, डोळे वाहायला लागले. मिरचीच्या खोलीत माणूस रडतोय की नाही ते कळत नाही. डोळे पुसत म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं नाही." मग म्हणाले, "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

मी म्हटले, "धुळ्याला बाई डॉक्टर आहे. शिवते म्हणे." ते म्हणाले, "व्रत तर आता मोडता येत नाही." मी म्हटले, "ते मोडा असं मी कुठे म्हणते? दवाखान्यात न्या, एवढंच म्हणते." ते म्हणाले, "नेतो." मग म्हणाले, "पण आत्ता नाही. कार्तिकी पौर्णिमेला महासतीजी विहार करून पुढे जातील, त्यानंतर. आत्ता रोज गावोगावचे लोक दर्शनाला येतात. तुम्ही कुठे गेलात, कशाला गेलात, विचारतील. आईला काय वाटेल?"

सासूबाईंना त्यांनी काहीच सांगितले नाही. फक्त म्हणाले, "आई, हिला आता दोन्ही वेळ जेवू दे." सासूबाई म्हणाल्या, "सुमेर, ज्या बाईचं मन इतकं वर गेलं तिला तू ताटाला बांधतोस?" आणि आयंबिलाची नऊ दिवसांची ओळी कार्तिकापर्यंत वाढवायची का असे मला प्रेमाने विचारले. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदा, तूप-मीठ-मसाला काही नसलेले उकडलेले धान्य. मी ह्यांच्याकडे पाहिले. ते चपला घालत होते. मी हो म्हटले. उकडलेले थोडेच खावे लागते.

ते वाईट नाहीत, कौसा. परवा दुकानातून येताना कागदात गुंडाळून मांजरपाटाचा तागा आणला आणि मिरचीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून गेले. तुझ्या लुगड्यांइतका मऊ नाही, पण धुऊन होईल. आता मला तुझ्याकडून मागावे लागणार नाहीत. कार्तिकी पौर्णिमेला अजून तीन आठवडे आहेत. त्यानंतर ते नेतील असे ते म्हणाले आहेत. त्यानंतर सासऱ्यांच्या मनात मारवाडात गुरुदर्शनाची यात्रा आहे, आम्हा दोघांना घेऊन. कुठले आधी, ते मी विचारले नाही.

काल अमर रांगत खोलीपर्यंत आला. उंबऱ्यावर बसून शिंकला, आणि स्वतःच्याच शिंकेला हसला. मी हसले नाही. तोंडावर पदर धरला, पाय आवळले आणि बघत राहिले. त्याला वाटले मी रागावले. तो परत फिरला.

आता माझे एक काम कर. दिवलीबाईला धुळ्याला नेलेत, त्याला आता पंधरवडा होत आला. त्या डॉक्टरीणबाईंनी काय म्हटले, शिवले का, किती दिवस ठेवले, किती घेतले, ते नंतर सावकाश पाकिटातून लिही. आत्ता मला एवढेच हवे आहे. ती घरी आली असेल तर तिला म्हशीची आणि तुरीच्या भाऱ्याची गोष्ट सांग. हाताचा आधार न घेता, पाय न आवळता, मोठ्याने ती हसते का ते बघ. मग पाकिटाचा आणा खर्चू नकोस. तीन पैशांचे कार्ड घे आणि त्यावर एकच शब्द लिही, "हसते" किंवा "हसत नाही". मुनीमजींनी वाचले तरी त्यांना काय कळणार?

उलट टपाली कळव.

धनू